पांढरा ओटा

दर शनिवारी मी एका कॉलेजात मुलांना ‘डिझाइन म्हणजे काय’ हे शिकवायला जायचो. शिकवायचो म्हणजे काय, बोलायचो. काळा कुर्ता घालायचो, जाड फ्रेमचा चष्मा लावायचो आणि वर्गात शिरल्यावर मुद्दाम थोडा वेळ काहीच बोलायचो नाही. मग दिव्याच्या बटणाकडे न बघता भिंतीवर हात टाकून दिवा लावायचो आणि म्हणायचो, “हात न विचारता जिथे जातो, तिथे जे असतं ते डिझाइन.” मुलं लिहून घ्यायची. एकदा बटणाची जागा चुकली आणि पंखा बंद झाला, तेव्हा मी म्हणालो, “आणि हे वाईट डिझाइन.” तेही त्यांनी लिहून घेतलं.

बाकी दिवस मी घोडबंदर रोडच्या टॉवरांमधले फ्लॅट सजवतो. आईला माझा धंदा कधी कळला नाही.

“म्हणजे तू सुतार नाहीस.”

“नाही.”

“गवंडी, रंगारी?”

“नाही गं.”

“मग लोक तुला बोलावतात कशाला?”

“विचार करायला.”

“त्यांना स्वतःला वेळ नसेल,” असं म्हणून ती माझ्या कानाकडे बघत बसायची.

हे कानाचं आधी सांगायला हवं. बाबा गेल्यानंतर केव्हातरी आईला ही सवय लागली होती. बोलायची माझ्याशी आणि बघायची माझ्या उजव्या कानाकडे, किंवा कानाच्याही पलीकडे. मला वाटायचं, माझे कानावरचे केस पिकलेत ते तिला बघवत नसावेत. मी सलूनमध्ये जाऊन ते रंगवून घेतले. कानातलेही कापून घेतले. तरी ती कानाकडेच बघायची. बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, “अरे, तू बोलत असताना सरळ तोंडाकडे बघायला धीर लागतो.”

आई डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, आमच्या जुन्या घरात एकटी राहायची. दुसरा मजला, लिफ्ट नाही. वारा फिरला की कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात. मी तिला आमच्याकडे ठाण्याला, घोडबंदरच्या टॉवरात, यायला सांगायचो आणि ती दर वेळी वेगळं कारण द्यायची. कधी म्हणे तुमची लिफ्ट पोटात गोळा आणते, कधी म्हणे तिथून खाली बघितलं की माणसं दिसत नाहीत. खरं कारण एकच होतं. तिला तिचं स्वयंपाकघर सोडायचं नव्हतं. स्वतःचा चहा स्वतः करून प्यायचा, कुणाला ‘देतेस का’ म्हणायचं नाही, एवढी तिची अट होती आयुष्याशी. ती तसं बोलूनही दाखवायची. मी ते ऐकायचो आणि विसरायचो.

ते स्वयंपाकघर मात्र मला बघवत नसे. काळ्या कडाप्प्याचा ओटा, मागे पांढऱ्या टाइल्स, आणि वर लाकडी फळीवर स्टीलचे डबे. एक डबा दुसऱ्यासारखा नाही. कुणी बुटका, कुणी उंच, कुणाच्या पोटाला पोचा आलेला, कुणाचं झाकण भलत्याच डब्याचं. आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. आमच्याकडे भांडं दिलं आणि त्यावर नाव घातलं नाही, तर ते दिलं असं कुणी धरत नाही. त्यामुळे आत्या, मामा, बाबांच्या हाताखालचे लोक, सगळे आमच्या फळीवर हजर होते. माझ्या मुंजीप्रीत्यर्थ, वास्तुशांतीप्रीत्यर्थ, कुणाच्या तरी डोहाळजेवणाप्रीत्यर्थ. ती नावं इथे लिहीत नाही. त्यातले काही अजून माझ्याशी बोलतात.

आमच्या धंद्यात अशा फळीला ‘व्हिज्युअल नॉइज’ म्हणतात. दिवसभर लोकांच्या घरातला हा गोंधळ आवरून मी आईकडे जायचो आणि माझ्या स्वतःच्या आत्याचा गोंधळ माझ्याकडे बघत असायचा.

मग मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आई तिच्या सोबतीला टिटवाळ्याला गेली. महिनाभर तरी राहणार होती. जाताना एका डब्यात रव्याचे लाडू घेऊन गेली. मी तिला सोडून आलो आणि त्याच दिवशी माझ्या माणसांना डोंबिवलीला बोलावलं.

बायको म्हणाली, “तिला विचारलंस?”

“सरप्राइज आहे.”

“तुझ्या क्लायंटला तू सरप्राइज देतोस?”

“क्लायंट वेगळा, आई वेगळी.”

“हो ना. क्लायंट पैसे बुडवू शकतो, आई बुडवू शकत नाही.”

मी हसलो. मला ते विनोदी वाटलं.

कडाप्पा फोडला. त्या जागी पांढराशुभ्र कृत्रिम दगड बसवला, त्याला मागे पांढऱ्याच टाइल्स, कारण ओटा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळू नये, अशी माझी कल्पना होती. कपाटांना मुठी ठेवल्या नाहीत. दाबलं की उघडणार, दाबलं की मिटणार. लाकडी फळी काढली आणि तिथे काचेच्या बरण्या लावल्या, सगळ्या एका मापाच्या, एका झाकणाच्या, प्रत्येकीवर नाजूक राखाडी अक्षरात आतल्या जिनसाचं नाव. शेगडी बदलली. जुन्या शेगडीचं डावं बटण कधीच तुटलं होतं, आई ते पक्कडीने फिरवायची. पक्कडसुद्धा टाकून दिली. आणि सगळे डबे एका पोत्यात भरून भांड्यांच्या दुकानात मोडीत दिले. पोतं उचलताना आतून जो आवाज झाला तो ऐकून मी माझ्या माणसांना म्हणालो, “ऐका, हा नॉइज.” त्यांनी हसायचं म्हणून हसून घेतलं.

आई परत आली. मी तिचे डोळे झाकून तिला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं आणि हात काढले. मग पुढे होऊन तिने ओट्यावर हात ठेवला आणि कडेकडेने शेवटपर्यंत नेला. फळी होती तिथे हात वर केला. बरणी लागली. शेजारची लागली. तिच्या शेजारचीही लागली. तीन-चार बरण्या अशा चाचपून तिने हात खाली घेतला.

“छान आहे हो,” ती म्हणाली. “अगदी दवाखान्यासारखं स्वच्छ.”

“आवडलं ना?”

“माझे डबे?”

“गेले. आता सगळं आरपार दिसतं, बघ. उघडायलासुद्धा नको.”

“हो,” ती माझ्या कानाकडे बघत म्हणाली, “दिसतं खरं.”

नंतरचे काही आठवडे मी फार मजेत होतो, हे कबूल करावं लागेल. येणाऱ्याजाणाऱ्याला घेऊन डोंबिवलीला जायचो आणि ओटा दाखवायचो. त्यातच कप फुटायला लागले. आई कप ओट्यावर ठेवायची आणि तो सरळ खाली यायचा. एक, मग दुसरा, मग बाबांचा जुना मोठा कप. मी म्हणायचो, “आई, जरा बघून ठेव की गं.” ती म्हणायची, “हात थरथरतो रे हल्ली.” मला वाटलं ती निषेध करतेय. आमच्या घरात निषेध असाच होतो, भांड्यांतून. कपाटाचंही तेच. ओट्याला टेकून उभं राहायची तिची सवय, टेकली की दार उघडायचं आणि नडगीवर बसायचं. तिच्या पायावर निळे डाग होते. मी तिला दार नीट कसं दाबायचं ते शिकवलं, मुलांना शिकवतो तसं, दोनदा करून दाखवून.

एका रविवारी तिने आम्हाला पिठलं-भात वाढला. पिठलं पळीला धरून बसलं होतं. सोडायलाच तयार नव्हतं. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी घास घेतला आणि म्हणालो, “आई, टेक्स्चर काय आलंय! काय घातलंस?”

“तांदळाचं पीठ,” आई जराशी थांबून म्हणाली. “म्हटलं, बेसन नेहमीचंच आहे. करून बघू जरा वेगळं.”

“बघ,” मी बायकोला म्हणालो, “जागा बदलली की माणूस प्रयोग करायला लागतो.”

माझ्या शनिवारच्या वर्गात मी हे पिठलं उदाहरण म्हणून सांगितलं. ज्यांना आठवत असेल त्यांनी वहीतून खोडून टाकावं.

त्यानंतर मी फोटो काढायचं ठरवलं. माझ्या कामाचे फोटो वेबसाइटवर असतात. त्यात नेहमी माणूस नसलेल्या खोल्या असतात. या वेळी म्हटलं, आई असू दे. फोटो काढणाऱ्याला घेऊन गेलो. आईला तिची मोरपंखी साडी नेसायला लावली. तिने हातात किटली घेऊन नव्या पांढऱ्या कपात चहा ओतायचा, खिडकीतून ऊन यायचं, एवढं साधं दृश्य होतं.

आईने डाव्या हातात कप धरला. तर्जनी कपाच्या काठावरून आत वाकवली आणि किटली तिरकी केली. चहा बोटाला लागला तशी ती थांबली.

“आई, बोट.”

“काय?”

“बोट आत गेलंय तुझं. फोटोत वाईट दिसतं ते. बाहेर काढ.”

“असू दे रे. माझी पद्धत आहे.”

“अगं, एक मिनिटाचा प्रश्न आहे. पुन्हा ओत. हसून ओत.”

तिने दुसरा कप घेतला, बोट काढलं आणि ओतायला लागली. हसून. कप भरला. ती ओततच राहिली. चहा काठावरून तिच्या हातावर आला, मनगटावरून मोरपंखी साडीवर, साडीवरून माझ्या पांढऱ्या ओट्यावर. तिचं हसू तसंच होतं, कारण मी ‘बस’ म्हटलेलं नव्हतं. फोटो काढणारा म्हणाला, “सर, थांबवायचं का?”

मी किटली तिच्या हातातून घेतली. मनगट नळाखाली धरलं. पोळलं होतं, पण ती हूं की चूं करत नव्हती. फोटो काढणाऱ्याला मी बाहेर बसवलं.

“आई, तुला दिसत नाही?”

“दिसतं की. हे काय, दार दिसतंय. तू आलास-गेलास दिसतं. मधलं तेवढं येत नाही नजरेत. मध्ये धूर आहे.”

“कधीपासून?”

“तुझ्या बाबांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या पुढेमागे. शेजारच्या काकूंबरोबर जाऊन आले होते डॉक्टरांकडे. म्हणाले, पडदा झिजलाय.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

मी नळ बंद केला.

“उचलून घोडबंदरला नेलं असतंस,” ती म्हणाली. “म्हणून म्हटलं, चाललंय तोवर चालवू. चाललं होतं रे. आत्याबाईंच्या नावावर अंगठा गेला की तांदूळ. लांबलचक नाव त्यांचं, चुकायची सोय नाही. पोचा आला की साखर. मामाच्या डब्यात डाळ. आणि ओटा काळा होता, त्यावर कप पांढरा. एवढं कळायचं मला.”

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तिच्या आवाजात थोडं कौतुकच होतं, आपण सगळ्यांना कसं फसवलं याचं. मला मात्र माझी शनिवारची ओळ आठवली आणि त्या पांढऱ्या, चकचकीत, आता चहाने भरलेल्या ओट्यावर डोकं आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. दगड महाग होता, असं आपलं बायकोला सांगायला बरं.

मी तिला ठाण्याला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि सरळ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. मी कानाचं विचारलं. ते म्हणाले, “अहो, मधलं गेलं की माणूस कडेच्या नजरेने बघतो. तुमचा चेहरा दिसावा म्हणून त्या बाजूला बघतात. ज्याला बघायचं असतं त्याच्याकडे असंच बघावं लागतं.”

आणि मी कानातले केस कापून घेत होतो.

आता मी काय केलं असेल ते माझ्या ओळखीच्या कुणालाही सांगता येईल. मी पुन्हा डिझाइन केलं. ओट्याच्या कडेला काळी पट्टी लावली. बरण्यांच्या झाकणांवर उंचवटे चिकटवले, तांदळाला एक ठिपका, डाळीला दोन, साखरेला आडवी रेघ. कपाटांना मुठी बसवल्या. शेगडीच्या बटणावर खाच पाडली. आईला समोर बसवून सगळी पद्धत समजावली. ती शहाण्या मुलीसारखी शिकली. संध्याकाळपर्यंत तिला पाठ झालं आणि सकाळी तिने चहात साखरेऐवजी साबुदाणा घातला.

“रेघ म्हणजे साखर ना रे?”

“आडवी रेघ. उभी म्हणजे साबुदाणा.”

“बरणी गोल आहे. त्यात उभं काय आणि आडवं काय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पदवी होती.

तिने प्रयत्न केला नाही असं मी म्हणणार नाही. पण जुन्या फळीवर तिचा हात नजर शाबूत असताना फिरायला लागला होता, आणि नजर गेली तरी हाताला ते कळलंच नव्हतं. नव्या फळीवर हाताला पहिल्यापासून सुरुवात करायची होती, आणि हातही आता म्हातारा झाला होता. शेगडीपाशी तर ती आता थांबायची. आधी कधी थांबत नसे. एकदा तिने पदर सांभाळला आणि मनगट भाजून घेतलं, तेच मनगट, जुन्या डागाशेजारी.

मी भांड्यांच्या दुकानात गेलो. मोडीतली भांडी कधीच पुढे गेली होती, वितळायला. दुकानदाराने हात झटकले, तेही बरोबरच होतं. मग मी कल्याणच्या बाजारात हिंडलो आणि जुन्या भांड्यांच्या ढिगाऱ्यांतून नावं कोरलेले डबे निवडून आणले. पोचे आलेले, भलती झाकणं असलेले. माझ्या आयुष्यात मी एवढ्या बारकाईने कुठली वस्तू निवडली नव्हती. घरी येऊन ते आईसमोर मांडले.

तिने एक डबा मांडीवर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. अक्षरं लागली. पुन्हा फिरवला.

“ही कोण बाई?”

“माहीत नाही. कल्याणला मिळाला.”

“मंगळागौरीप्रीत्यर्थ आहे,” ती अंगठ्याने वाचत म्हणाली. “भावाने दिलाय. कुणी विकला असेल हिचा डबा?”

मी दुसरा डबा पुसायला घेतला.

“असेल कुणीतरी मुलगा,” आई म्हणाली. आणि लगेच, मला लागू नये म्हणून, “डबा चांगला आहे हो. जड आहे.”

त्यात आम्ही तांदूळ भरले. पण तिचा हात त्या नावापाशी गेला की अडायचा. ती त्या बाईचा विचार करत बसायची, आणि तोवर गॅसवरचं उतू जायचं.

पुढचं पटकन सांगतो. आई आमच्याकडे आली. तिने स्वतःहूनच सांगितलं, “चल बाबा, नेतोस तर ने.” कारण काहीच दिलं नाही. लिफ्टमध्ये तिने माझा दंड धरला. सामान फार नव्हतं. लाडू नेलेला एक डबा तेवढा टिटवाळ्याहून परत आला होता, तो तिने आणला. त्यात तिच्या गोळ्या असतात.

डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं. नुकतं लग्न झालेलं जोडपं आहे. घर बघायला आले तेव्हा ती मुलगी स्वयंपाकघरात शिरली आणि म्हणाली, “वॉव! हे कोणी केलं?” मी म्हणालो, कुणीतरी होता. माझी काळी पट्टी आणि ठिपके त्यांनी खरवडून काढले. ओटा आता पुन्हा नुसता पांढरा आहे.

आमच्या घरातली शेगडी म्हणजे एक सपाट काळी काच. ना बटण, ना ज्योत. बोट टेकवलं की चालू. दहा वर्षांपूर्वी कुणी मला ती दाखवली असती तर मी रडलो असतो आनंदाने. आई तिच्या जवळही जात नाही. सकाळी उठून जेवायच्या टेबलाशी येऊन बसते. मी चहा करतो, कपात ओततो, कप तिच्या हातात देतो. पहिले काही दिवस ती म्हणायची, “देतोस का रे?” आता तेही म्हणत नाही. मिळतो, हे तिला माहीत आहे.

शनिवारी मी अजून जातो. ती ओळ म्हणत नाही, बटण बघून दाबतो. मुलांना त्यात काही वावगं वाटत नाही.

परवा चहा देताना बायको मला म्हणाली, “अरे, बघ, आई किती छान बघतायत तुझ्याकडे हल्ली. सरळ.”

मी पाहिलं. खरंच होतं. आई माझ्याशी काहीतरी बोलत होती, मावशीच्या गुडघ्याबद्दल, आणि बोलताना सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती, जिथे तिला नुसता धूर दिसतो तिथे. मी मान थोडी वळवली, कान तिच्यासमोर आणला. म्हटलं, बघेल.

ती गुडघ्याचंच बोलत राहिली.